वळिवड्याच्या छावणीतले गटनायक

कोल्हापूरहून गांधीनगरला लग्नाचा बस्ता बांधायला गेलेल्या माणसाला, तुम्ही एका जुन्या निर्वासित छावणीत उभे आहात, असं सांगितलं तर पटत नाही. घाऊक कापडाची दुकानं, गठ्ठे उतरवणारे टेम्पो, साड्यांचे ढीग, एवढंच दिसतं. पण १९४३ ते १९४८ या काळात इथे सुमारे पाच हजार पोलिश माणसं राहत होती. बहुतेक बायका आणि मुलं. इथल्याच वळिवडे स्टेशनावर त्यांच्या गाड्या थांबल्या, माळावर त्यांच्यासाठी बराकी उभ्या राहिल्या आणि तिथे एक पोलिश गाव पाच वर्षं नांदलं.

मी निवारा केंद्रांत काम करणाऱ्या तरुण स्वयंसेवकांना शिकवते. त्यांच्याकडून एक प्रश्न वारंवार येतो: युद्धाने किंवा दंगलीने घर गेलेल्या मुलामुलींमध्ये नेतृत्वाचे गुण कसे वाढवायचे? मे २०२३ नंतर मणिपुरात साठ हजारांच्या आसपास माणसं बेघर झाली, तेव्हापासून तर तो फारच कळकळीने विचारला जातो. उत्तरासाठी आम्ही केनियापासून जॉर्डनपर्यंतची उदाहरणं धुंडाळत होतो. माझ्याच जिल्ह्यातलं उदाहरण मला उशिरा सुचलं. ते इथे नीट मांडायचं आहे.

वळिवड्यापर्यंतचा रस्ता

१७ सप्टेंबर १९३९ ला सोव्हिएत सैन्य पूर्व पोलंडमध्ये शिरलं. १० फेब्रुवारी १९४० च्या पहाटे हद्दपारीची पहिली लाट आली. दारावर थाप, बांधाबांधीला थोडासा वेळ, मग मालगाडीचे डबे आणि आठवडेच्या आठवडे प्रवास. कोणी आर्खांगेल्स्कच्या जंगलात, कोणी सायबेरियात. एप्रिलमधली दुसरी लाट मुख्यतः अटकेत असलेल्या अधिकाऱ्यांच्या आणि नोकरदारांच्या कुटुंबांची होती. त्यांना कझाकस्तानात नेलं. जून १९४१ पर्यंतच्या चार लाटांत तीन लाखांहून अधिक माणसं उचलली गेली.

मग जर्मनीने सोव्हिएत संघावर हल्ला केला आणि सगळं राजकारण फिरलं. ३० जुलै १९४१ ला लंडनमध्ये आश्रयाला असलेलं पोलिश सरकार आणि मॉस्को यांच्यात करार झाला. या लोकांना सोडून देण्यात आलं. जनरल आंदेर्स यांचं पोलिश सैन्य दक्षिणेत उभं राहत होतं, त्याच्या आशेने बायका-मुलं मिळेल त्या गाडीने उझबेकिस्तानपर्यंत आली. टायफसने आणि हगवणीने कितीतरी जण तिथेच गेले. १९४२ मध्ये दोन टप्प्यांत, मार्च-एप्रिलमध्ये आणि ऑगस्टमध्ये, एक लाखाहून अधिक सैनिक आणि नागरिक कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणच्या पहलवी बंदरात उतरले. तिथून नागरिकांची पांगापांग झाली: पूर्व आफ्रिका, न्यूझीलंड, मेक्सिको आणि हिंदुस्थान.

हिंदुस्थानातली जामनगरजवळची बालाचडीची छावणी आता बरीच प्रसिद्ध आहे. जामसाहेब दिग्विजयसिंहजींनी १९४२ मध्ये मुलांना आसरा दिला, ती गोष्ट सगळीकडे सांगितली जाते आणि सांगितली जावी. वळिवड्याची छावणी मात्र तिच्याहून कितीतरी मोठी होती आणि जास्त काळ टिकली. नेतृत्वाच्या प्रश्नासाठी मला ती जास्त उपयोगी वाटते. बालाचडीला प्रामुख्याने मुलं होती आणि त्यांची काळजी घेणारे मोजके मोठे. वळिवड्याला आख्खा समाज होता, फक्त त्यातून पुरुष वजा झालेले.

मुलं काय शिकून आली होती

या प्रकरणातला हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे आणि तोच बहुतेक वेळा सुटतो.

विस्थापित मुलं कोऱ्या पाटीची असतात असं धरून आपण त्यांच्याकडे जातो. वळिवड्याला उतरलेली बारा-तेरा वर्षांची मुलगी ही तीन वर्षं घर चालवून आलेली होती. आई जंगलात लाकूडतोडीला जायची तेव्हा धाकट्यांना सांभाळणं, पावाच्या रांगेत जागा धरून ठेवणं, अंगावरचा कोट देऊन पीठ आणणं, आजारी भावाला घेऊन गाडीत चढणं. या पोरांच्या नंतरच्या आठवणींत एक गोष्ट पुन्हापुन्हा येते: इराणात पोटभर जेवण मिळायला लागल्यावरही ती उशीखाली पाव लपवून ठेवायची.

पाव लपवणारं मूल दुबळं नसतं. उद्याचा विचार करणं, धोका ओळखणं, कोणावर विसंबायचं ते ठरवणं, हे सगळं त्याला येतं. पण ते कौशल्य स्वतःपुरतं किंवा आपल्या भावंडांपुरतं असतं. रांगेत पुढे कसं घुसायचं हे त्याला चांगलं कळतं. रांग कशी लावायची, हे कोणी शिकवलेलं नसतं. आणि ज्याने भावंडांना जगवलं तो मोठ्या माणसाचा हुकूम सहजी मानत नाही. त्याने मोठ्यांना हतबल झालेलं पाहिलेलं असतं.

म्हणून वळिवड्याच्या शिक्षकांपुढचं काम या मुलांमध्ये पुढाकार निर्माण करण्याचं नव्हतं. पुढाकार होताच. तो आपल्या घराच्या चार माणसांपलीकडे कसा न्यायचा, हा प्रश्न होता. मला या प्रकरणातून एकच गोष्ट घ्यायला सांगितली तर मी हीच घेईन.

बराकी, घंटा, शाळा

लांबलचक बराकींत कुटुंबागणिक खोल्या होत्या. छावणीत चर्च होतं, दवाखाना होता, पोस्ट होतं, नाटकं व्हायची. कोल्हापूरचे व्यापारी बाजार मांडायचे. प्राथमिक शाळांपासून माध्यमिकपर्यंत शिक्षणाची सोय होती आणि हातकामाचे वर्गही होते. पाचगणीच्या शाळांतही काही मुलं शिकायला गेली आणि छातीच्या आजाराच्या रुग्णांना तिथली हवा मिळाली. खर्च लंडनमधल्या पोलिश सरकारचा होता. मुंबईतले पोलिश वाणिज्य दूत बानासिन्स्की आणि त्यांच्या पत्नी किरा बानासिन्स्का यांनी रेड क्रॉसच्या कामातून या निर्वासितांसाठी अपार मेहनत घेतली. किराबाई पुढे भारतातच राहिल्या आणि हैदराबादला २००२ मध्ये वारल्या.

पुस्तकं कमी होती, शिक्षक कमी होते, मुलांची वयं आणि इयत्ता यांचा मेळ नव्हता. दोन-तीन वर्षं शाळा बुडालेली पंधरा वर्षांची मुलगी दहा वर्षांच्या मुलांबरोबर बसायला लाजते, हे आपल्याकडच्या ऊसतोड मजुरांच्या मुलांना शिकवणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे. अशा मुलीला वर्गात मान मिळत नाही. तिला मान मिळेल अशी दुसरी जागा लागते. वळिवड्यात ती जागा स्काउटांच्या पथकात होती.

हार्त्सेर्स्त्वो

पोलिश लोक आपल्या स्काउट चळवळीला 'हार्त्सेर्स्त्वो' म्हणतात. तिचा जन्म १९१०-११ च्या सुमारास ल्वूफ शहरात झाला, म्हणजे नेमका त्याच पूर्व भागात जिथून वळिवड्याच्या पुष्कळ लोकांना उचललं गेलं. पोलंड तेव्हा तीन साम्राज्यांत वाटलेला होता, नकाशावर नव्हता. त्यामुळे ही चळवळ सुरुवातीपासूनच देश नसलेल्या मुलांनी देश मनात कसा जपायचा याची होती. दुसऱ्या महायुद्धात व्यापलेल्या पोलंडमध्ये हेच स्काउट भूमिगत लढ्यात उतरले. वळिवड्यातल्या शिक्षकांत आणि मोठ्या मुलींत युद्धाआधी पथकात असलेल्यांची उणीव नव्हती. बाहेरून नवा कार्यक्रम आणायची गरज पडली नाही. लोकांच्या अंगात असलेलीच गोष्ट त्यांनी माळावर पुन्हा उभी केली.

रचना साधी. सात-आठ मुलांचा एक गट. त्याचा नायक त्यांच्यातलाच, वयाने दोन-तीन वर्षांनी मोठा. असे काही गट मिळून एक पथक. त्याहून लहान मुलांसाठी 'झुखी', म्हणजे आपल्याकडच्या कबसारखी पथकं, आणि त्यांना सांभाळणारीही किशोरवयीन मुलंमुलीच. भेटल्यावर एकमेकांना म्हणायचं 'चुवाय', म्हणजे जागा राहा. कामगिरीनुसार पायऱ्या चढायच्या आणि प्रथमोपचार, स्वयंपाक, बागकाम अशा एकेका कौशल्यासाठी बिल्ला मिळवायचा.

हे आपल्याकडच्या शाळेतल्या स्काउट-गाइडसारखंच वाटेल, आणि आहेही. फरक परिस्थितीत आहे. आपल्याकडे गटनायकाने चूक केली तर कवायत बिघडते. छावणीत शेकोटीच्या रात्री एक लहान मूल ओक्साबोक्शी रडायला लागलं, तर त्याच्यापाशी कोण बसणार हा खरा प्रश्न असतो, आणि ते काम गटनायकाचं असतं.

सात-आठ हा आकडा मला फार विचार करण्यासारखा वाटतो. चौदा वर्षांच्या मुलाच्या डोक्यात सात मुलांची माहिती मावते. कोणाचा बाप बेपत्ता आहे, कोणाला ताप येतो, कोण कोणाशी बोलत नाही. वीस जणांची मावत नाही. मग तो ओरडायला लागतो आणि हुकूमशहा होतो. माझ्या पाहण्यातल्या बहुतेक शिबिरांत एका तरुणाच्या हाती पंचवीस-तीस मुलं देतात आणि मग तो 'कडक' आहे म्हणून त्याचं कौतुक करतात.

या सगळ्याला शिस्त आणि वळण देण्यासाठी आंदेर्सच्या सैन्यातून जे प्रशिक्षक आले, त्यांत झ्जिस्वाफ पेश्कोव्स्की होते. जन्म १९१८ चा, म्हणजे तेव्हा पंचविशीच्या आसपास. ते कोझेल्स्कच्या सोव्हिएत युद्धकैदी छावणीत होते. १९४० च्या वसंतात तिथल्या चार हजारांहून अधिक कैद्यांना कॅटिनच्या जंगलात गोळ्या घालण्यात आल्या. कोझेल्स्क आणि तशाच आणखी दोन छावण्या मिळून जे चारशेच्या आसपास कैदी वाचले, त्यांतले ते एक. एप्रिल १९४३ मध्ये कॅटिनच्या सामूहिक कबरी जगासमोर आल्या, त्याच वर्षी वळिवड्याच्या बराकी भरत होत्या. त्या बराकींत अशी मुलं होती ज्यांचे वडील अधिकारी होते आणि ज्यांचं शेवटचं पत्र १९४० मधलं होतं.

या मुलांपुढे हा माणूस उभा राहिला. त्यांच्याशी नक्की काय बोलला, हे मी माझ्या कल्पनेने लिहिणार नाही. पण पथकाच्या नायकांना तयार करणं, शिबिरं घेणं, शेकोटीभोवती बसून बोलणं हे त्यांचं काम होतं, आणि ते त्यांनी इतकं मनापासून केलं की वळिवड्याच्या मुलांनी पुढे आयुष्यभर त्यांच्याशी नातं ठेवलं. १९५४ मध्ये अमेरिकेत ते धर्मगुरू झाले आणि कॅटिनमध्ये मारल्या गेलेल्यांच्या कुटुंबांचा आधार बनले. २००७ मध्ये वॉर्सात गेले.

मार्गदर्शक कोण असावा, हा प्रश्न प्रशिक्षणांत नेहमी येतो. उत्तर म्हणून आम्ही पदव्या आणि अनुभवाची वर्षं लिहितो. पेश्कोव्स्कींकडे जे होतं ते वेगळं होतं. ते त्याच रस्त्याने आले होते, मुलांहून फक्त दहा-बारा वर्षांनी मोठे होते, आणि मुलांना दिसत होतं की हा माणूस मोडलेला नाही.

मुली

छावणीत पुरुष जवळजवळ नव्हते. बाप आणि मोठे भाऊ आंदेर्सच्या सैन्यात; मे १९४४ मध्ये इटलीत मोन्ते कासिनोचा मठ घेतला तो याच सैन्याने. मोठी होत जाणारी मुलंही कॅडेट म्हणून मध्यपूर्वेत निघून जायची. उरल्या बायका आणि मुली.

याचा परिणाम असा की शाळा, स्वयंपाकघर, दवाखाना, पथकं, सगळीकडे जबाबदारी बायकांवर आली, आणि मुलींना पुढे कसं आणायचं हा वेगळा विषयच उरला नाही. पोलिश चळवळीत मुलींची शाखा आधीपासूनच स्वतंत्र होती, त्यांचे निर्णय त्याच घ्यायच्या. माझा अंदाज असा की मोठी मुलं सतत निघून जात असल्यामुळे प्रत्येक नायकाला आपल्यामागे कोण, याची सोय कायम करून ठेवावी लागत असणार. आज गटात सगळ्यात शेवटी चालणारी मुलगी सहा महिन्यांनी नायिका होणार, हे गृहीतच. माणसं टिकत नाहीत अशी तक्रार आपण करतो. इथे ती कधीच टिकणार नव्हती, म्हणून नवीन माणूस तयार करणं हेच नायकाचं मुख्य काम ठरलं.

५ जुलै १९४५

नेतृत्व खरंच रुजलं का, याची कसोटी बाहेरून आली. फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टाला दोस्त राष्ट्रांच्या नेत्यांमध्ये जे ठरलं त्यात या लोकांचं पूर्व पोलंड सोव्हिएत संघाकडे गेलं. ल्वूफ, विल्नो, खेडी, शेतं, सगळं. युद्ध जिंकलं आणि घर गेलं. ५ जुलै १९४५ ला ब्रिटनने लंडनमधल्या पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली. ज्या सरकारने छावणी चालवली होती, ते एका दिवसात जगाच्या दृष्टीने उरलं नाही. पुढची व्यवस्था ब्रिटिशांच्या आणि मग संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित यंत्रणांकडे सरकत गेली. परत जा, असा आग्रह सुरू झाला. परत कुठे जायचं, याचं उत्तर नव्हतं.

अशा वेळी मोठी माणसं खचतात. निवारा केंद्रात मी हे पाहिलेलं आहे. मदत कमी होईल अशी नुसती कुजबुज झाली तरी पुरुष दिवसभर चटईवर पडून राहतात. वळिवड्यात शाळा चालू राहिल्या, पथकं चालू राहिली. १९४६ मध्ये बालाचडी बंद झाल्यावर तिथली मुलं इथे आली, तीही सामावली गेली. शेवटच्या गाड्या १९४८ मध्ये सुटेपर्यंत हे चाललं. देश नाही, सरकार नाही, पुढचा पत्ता नाही, आणि तरी बुधवारी संध्याकाळी गटाची बैठक आहे म्हणून जायचं, हे पंधरा वर्षांच्या मुलाला किती धरून ठेवतं, हे ज्याने छावणीतले रिकामे दिवस पाहिलेत त्याला सांगावं लागत नाही. (बुधवार मी उदाहरणादाखल म्हटलं, वार कोणताही असेल.)

जे मला खटकतं

या प्रकरणाचं नुसतं कौतुक करून चालणार नाही.

छावणी सगळी आतल्या बाजूला तोंड करून होती. मुलांना तयार केलं जात होतं ते पोलंडसाठी, जो पोलंड पुढे त्यांना मिळालाच नाही. बाजूला कोल्हापूर होतं, स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावरचा देश होता. त्याच्याशी नातं होतं, पण दूधवाला, भाजीवाला, बाजार, सहली एवढ्यापुरतं जास्त. अपवाद होते. वांदा दिनोव्स्का नावाची पोलिश विदुषी, जिला गांधीजींनी उमादेवी हे नाव दिलं, तिने या मुलामुलींना भारताची ओळख करून द्यायला मदत केली. ती पुढे तिबेटी निर्वासितांच्या मुलांसाठी राबली. एका पोलिश मुलीने तर कोल्हापुरातल्या मराठी तरुणाशी लग्न केलं आणि ती इथलीच झाली. पण एकंदरीत यजमान समाजासोबत काही उभं करायला मुलांना शिकवलं गेलं नाही. निर्वासितांच्या छावण्या आपल्याकडच्या असोत वा परक्या, त्यांचा आणि आसपासच्या गावांचा तणाव पुष्कळदा याच रेषेवर वाढतो: विहीर कोणाची, सरपण कोणाचं. तिथे बोलणी करू शकणारा तरुण सगळ्यात जास्त लागतो.

दुसरं, ही चळवळ कॅथलिक आणि राष्ट्रवादी मुशीतली होती. हद्दपार झालेले सगळे कॅथलिक नव्हते. वेगळ्या प्रार्थनेच्या घरातल्या मुलाला त्या शेकोटीभोवती किती आपलं वाटलं असेल, हा प्रश्न मला सतावतो. ज्या छावणीत संघर्षाच्या दोन्ही बाजूंची माणसं एकत्र असतात, तिथे ही मूस तशीच उचलली तर नवी भांडणं पेरली जातील.

पुढे काय झालं

१९४७-४८ मध्ये ही माणसं ब्रिटनला, आफ्रिकेतल्या छावण्यांत, लेबनॉनला, ऑस्ट्रेलियाला, अमेरिकेला गेली. थोडी पोलंडला परतली. ब्रिटनमध्ये त्यांना पुन्हा बराकीच मिळाल्या, सैन्याने सोडलेल्या. यावेळी थंडीतल्या. तिथे पोलिश मुलांच्या शनिवारच्या शाळा, चर्चची मंडळं, स्काउटांची पथकं उभी राहिली, आणि ती चालवणाऱ्यांत छावण्यांतून आलेली ही पिढी होती. भारतातून गेलेल्यांनी आपलं एक मंडळ केलं, नियमित भेटीगाठी ठेवल्या, आणि म्हातारपणी सगळ्यांनी मिळून आठवणी, कागद, फोटो गोळा करून छावण्यांचा जाडजूड इतिहास आधी पोलिशमध्ये आणि मग इंग्रजीत काढला. एकाने लिहिला आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या, असं झालं नाही; काम वाटून घेतलं होतं. मला त्यात गटांची जुनी पद्धतच दिसते.

कोल्हापूरला ती विसरली नाहीत. महावीर उद्यानात त्यांचा स्मृतिस्तंभ आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये काही जण, ऐंशीच्या पुढचे, पुन्हा वळिवड्याला आले. वॉर्सात कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधानांनी तिथे फुलं वाहिली तेव्हा आमच्या इथल्या पुष्कळ तरुणांना ही गोष्ट पहिल्यांदा कळली.

एक निवारा केंद्र

हे सगळं वाचत असताना मला सारखी २०१९ च्या महापुरातली एक शाळा आठवत होती. शिरोळ तालुक्यातलं ते निवारा केंद्र. पूर म्हणजे युद्ध नव्हे, याची मला जाणीव आहे. पुरातल्या माणसाला परत जायला घर असतं, चिखलाने भरलेलं का होईना. तरी छावणीतले दिवस एकमेकांसारखे असतात. एका संस्थेने तिथे किशोरवयीन मुलांसाठी दोन दिवसांची नेतृत्व कार्यशाळा घेतली. खेळ झाले, फळ्यावर 'चांगल्या नेत्याचे गुण' लिहून झाले, शेवटी प्रमाणपत्रं वाटली. त्यात मीही होते, शिकवणाऱ्यांच्या बाजूला. त्याच दोन दिवसांत नववीतली एक मुलगी पाण्याच्या टँकरपाशी रांग लावत होती. म्हाताऱ्यांच्या कळशा आधी, मग बाळंतिणींच्या, मग बाकीच्यांच्या. कोणी सांगितलं नव्हतं. तिला कार्यशाळेला यायला वेळ झाला नाही, म्हणून तिला प्रमाणपत्र मिळालं नाही.

आज मला ती संधी मिळाली तर मी फळा बाजूला ठेवीन आणि तिच्यापाशी जाऊन विचारीन की तुझ्या हाताखाली सहा जणी दिल्या तर उद्या काय करशील. तिला रोज पंधरा मिनिटं द्यायला एक समंजस मोठं माणूस ठेवीन, चुका ऐकून घ्यायला. पाण्याचं काम खरोखर तिच्याकडे देईन, म्हणजे टँकर उशिरा आला तर तलाठ्याला फोन तीच करील. आणि पहिल्याच आठवड्यात विचारीन, तू गेलीस तर तुझ्या जागी कोण.

डिसेंबर २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने २२५० क्रमांकाचा ठराव करून शांततेच्या कामात तरुणांच्या सहभागाला पहिल्यांदा मान्यता दिली. चांगली गोष्ट झाली. पण सहभाग म्हणजे बैठकीत एक खुर्ची, असं आपण अजून समजतो. वळिवड्यातल्या मुलांना छावणीच्या कारभाराच्या बैठकीत कोणी बसवलं होतं का, याला माझ्या लेखी फार महत्त्व नाही. त्यांच्या हाती सात मुलं होती आणि त्या सात मुलांचं बरंवाईट त्यांच्यावर होतं.

तीच जागा, दुसरी मुलं

पोलिश माणसं गेली आणि बराकी रिकाम्या राहिल्या नाहीत. फाळणीत सिंध सोडून आलेली कुटुंबं इथे आणली गेली. वसाहतीला गांधीनगर नाव मिळालं. पुन्हा आगगाडी, पुन्हा तोच माळ, पुन्हा घर मागे टाकून आलेली बारा-तेरा वर्षांची मुलं. त्यांच्यासाठी ल्वूफमधून आलेली चळवळ नव्हती, बिल्ले नव्हते, पेश्कोव्स्की नव्हते. त्यांच्या हाती कपड्याचं गाठोडं आलं आणि गावोगाव फिरणं आलं, आणि एका पिढीत त्यांनी पश्चिम महाराष्ट्रातली एक मोठी घाऊक पेठ उभी केली. त्या मुलांना पुढे कोणी नेलं, घरातल्या कोणत्या आजीने, पंचायतीतल्या कोणत्या काकांनी, की दुकानाच्या गल्ल्यानेच, हे मी अजून नीट विचारलेलं नाही. ती मुलं आता ऐंशीच्या पुढे आहेत. गांधीनगरच्या एका कापड दुकानदाराने त्याच्या आजोबांशी गाठ घालून द्यायचं कबूल केलंय. दुपारी चारनंतर या म्हणाले, तेव्हा गिऱ्हाईक कमी असतं.